पोलीनबाय आणि तिची भाविक म्हैस

आपोलीन परेरा हे नाव लग्नाच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर तेवढं आहे. वेरळी गावठाणात तिला सगळे पोलीनबाय म्हणतात, अगदी फादरसुद्धा, आणि रस्त्यापलीकडच्या टॉवरचा वॉचमनसुद्धा. अंधेरीच्या पूर्वेला, आरेच्या भिंतीला पाठ टेकून हे गावठाण बसलेलं आहे. टॉवरवाल्यांना वाटतं, हे गावठाण मधेच कुठून आलं. गावठाणाला वाटतं, हा टॉवर मधेच कुठून आला. दोघांच्या बरोबर मध्ये पोलीनबायचा गोठा आहे, आणि त्याचा वास कसलाही पक्षपात न करता दोन्हीकडे जातो.

तिचा जन्म आरेतल्या गोठ्यातला. हे बोलण्याची रीत म्हणून नाही, खरोखर गोठ्यातला. तिची आई दुपारची धार काढायला बसली, दोन म्हशी झाल्या, तिसरीला हात लावला आणि उठताच येईना. बाहेर दुधाची गाडी हॉर्न वाजवत होती आणि आत पोलीनबाय पहिल्यांदा ओरडली. गाडीवाला नंतर सांगायचा, हॉर्नपेक्षा तिचा आवाज मोठा होता. नाताळात चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा मांडला की पोलीनबाय हटकून म्हणते, "येशूबाळ पण गोठ्यातलाच. पण त्याला थोडेच दिवस काढावे लागले. मी लग्नापर्यंत काढले."

बाप तिचा जुआंव. दुसऱ्यांच्या म्हशी सांभाळता सांभाळता त्याने स्वतःच्या चार-पाच केल्या. पोरीला त्याने शाळेत घातलं, पण शाळा सकाळची आणि धार त्याआधी पहाटेची, म्हणून पोलीनबाय वर्गात बसल्या बसल्या झोपायची. सातवीला बाईंनी विचारलं, "मोठी होऊन कोण होणार?" ती म्हणाली, "होऊन झाली." म्हशीच्या कासेला हात लावायचा कसा, पान्हा चढवून धरलेल्या म्हशीला मनवायचं कसं, पारडू मेलं तर तिची समजूत काढायची कशी, हे सगळं तिचं तोवर शिकून झालेलं होतं.

बाल्तेजार परेरा तिला बघायला आला तो पॉलिश केलेले बूट घालून. मरोळच्या एका कारखान्यात फिटर. पोलीनबायने त्याला चहा दिला नाही, हातात म्हशीचं दावं दिलं. म्हणाली, "धरा जरा, मी आलेच." म्हशीला पाण्याच्या टाकीकडे जायचं होतं. ती गेली, आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला बाल्तेजारही गेला, आधी उभा आणि मग आडवा. बुटांचं जे व्हायचं ते झालं, पण दावं त्याने सोडलं नाही. पोलीनबाय बापाला म्हणाली, "सोडीत नाय. बरा हाय." झालं लग्न. तो शेवटपर्यंत म्हशींना घाबरत राहिला आणि शेवटपर्यंत धरून राहिला.

कारखाना बंद पडला तेव्हा बाल्तेजार महिनाभर भिंतीकडे बघत बसला. पोलीनबाय बापाच्या गोठ्यावर गेली, दोन गाभण म्हशी सोडल्या आणि हाकत आणून घरामागे बांधल्या. त्याच म्हशींवर मुलगा रॉयस्टन शिकला, घराला स्लॅब पडली, आणि रस्ता रुंद करायला माणसं आली तेव्हा गावठाणाचा क्रूससुद्धा त्याच म्हशींनी वाचवला. म्हणजे त्यांनी काही केलं नाही, पोलीनबायने त्यांना क्रुसाच्या कठड्याला बांधलं आणि स्वतः शेजारी बसून लसूण सोलत राहिली. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "मावशी, म्हैस हटवा." ती म्हणाली, "तुजी हाय का? मग तूच हटव." रस्ता आजही तिथे जरासा वाकून जातो. त्या वळणावर रिक्षावाले तिच्या नावाने जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

आता बाल्तेजार नाही. रॉयस्टन विमानतळावर कार्गोमध्ये आहे. त्याची बायको संघमित्रा जोगेश्वरीची, बौद्ध घरातली, आईवडील जालन्याकडचे. लग्न आधी विहारात झालं, मग चर्चमध्ये, आणि पोलीनबाय दोन्हीकडे पुढच्या रांगेत बसली. संघमित्रा एका कंपनीच्या कस्टमर केअरला आहे, दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी खाते आणि वर "आणखी काही मदत करू शकते का?" असं विचारते. पोलीनबाय तिला मित्रा म्हणते, कारण तिच्या मते एवढं लांब नाव घेईपर्यंत दूध उतू जातं.

गोठ्यात तीन म्हशी उरल्या आहेत. मदतीला धोंडू आहे, कुडाळकडचा गडी, इतकी वर्षं राहिलाय की त्याच्या मालवणीत आता 'आमेन' मिसळलंय. दोन म्हशी गरीब आहेत. धोंडू धार काढो, संघमित्रा काढो, त्यांना काही वाटत नाही. संघमित्रा धोंडूकडून हौसेने शिकली. पहिले काही दिवस अर्धं दूध बादलीत आणि अर्धं बाहीत जायचं, आता हात बसलाय. प्रश्न होता तो तिसरीचा, शेवंतीचा.

शेवंती पोलीनबायशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. पोलीनबाय स्टुलावर बसते, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकते, जपमाळ म्हणायला लागते, आणि शेवंती सोडते. माळ नाही तर दूध नाही. ही गोष्ट गावठाणात इतकी पसरली की एका रविवारी फादरनी प्रवचनात सांगितली: एक मुकं जनावर प्रार्थनेला उत्तर देतं, आणि आपण मागच्या बाकावर मोबाइल बघतो. पोलीनबाय पुढच्या बाकावर ताठ बसून होती. म्हैस तिची होती, पण प्रवचन आपल्यावरच झालं असं तिच्या चेहऱ्यावर होतं. त्या दिवसापासून शेवंती भाविक ठरली.

आणि नेमकी तीच भक्ती गळ्याशी आली. पोलीनबायचा उजवा गुडघा गेली काही वर्षं कुरकुरत होता. श्रावण संपता संपता ती शेणावर घसरून गोठ्यात पडली. धोंडू आणि संघमित्रा दोघांनी मिळून उचललं. डॉक्टरांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "गुडघा बदलावा लागेल. आणि त्यानंतर दीड-दोन महिने गोठ्यात पाय ठेवायचा नाही."

"आणि नाय बदलला तर?"

"तर पुढच्या वेळी खुबा मोडेल. मग गोठाच काय, खाट सुटणार नाही."

घरी आल्यावर रॉयस्टनने तारीख ठरवली. पोलीनबाय म्हणाली, "डॉक्टरला सांग, आधी शेवंतीला विचारून ये." यात चेष्टा नव्हती. नुसत्या पारडाच्या पिण्याने भागत नाही, दोन वेळा धार नाही काढली की म्हशीची कास दगडासारखी होते, ताप येतो, एखादं आचळ कायमचं जातं. आत्ता पोलीनबाय काठी टेकत धारेला बसत होती, पण मग दोन महिने तिला कोण पिळणार?

प्रयत्न सगळ्यांनी केले. धोंडू बसला. "नमो मरिये" पर्यंत गेला आणि थांबला. "बाय, फुडचा काय ता माका म्हायत नाय." शेवंतीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग चर्चच्या महिला मंडळाच्या, सोडालिटीच्या बायका आल्या, निळ्या रिबिनी लावून, अख्खी माळ चालीवर म्हणाल्या. शेवंतीने शांतपणे रवंथ केलं आणि माळ संपता संपता शेपटीच्या एका फटक्यात अध्यक्षीणबाईंचा चष्मा आंबोणाच्या भिजल्या पेंडीत टाकला. मग रॉयस्टनने डोकं लढवलं. आईला खुर्चीवर बसवलं, मोबाइलमध्ये तिच्या आवाजात पूर्ण माळ रेकॉर्ड केली आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यात स्पीकर लावला. शेवंतीने कान टवकारले, स्पीकर हुंगला आणि लाथ घातली.

"ममा, इंजेक्शन मिळतं," रॉयस्टन चाचरत म्हणाला. "टोचलं की आपोआप पान्हा सुटतो. सगळे तबेलेवाले..."

"तुला टोचू का? बघू काय सुटतंय ते." तो विषय तिथेच संपला.

मग बुधवारी रात्री जेवताना त्याने ताटाकडे बघत सांगितलं, "रविवारी परेश येतोय. शेवंतीला घेऊन जाईल. विरारला."

परेश म्हणजे म्हशींचा दलाल. पोलीनबायने घास खाली ठेवला. "जी म्हैस कुणाला धार देत नाय, तिला विरारला कोण सांभाळील? विरारचं नाव सांगून तो देवनारला उतरवतो."

"मग काय करू? तू पुन्हा पडशील त्याची वाट बघू?"

"मग गुडघा राहू दे."

"म्हणजे म्हैस की गुडघा, असं?"

"असंच. शेवंती माज्या हातावर झाली. हिची आई पन माज्या हातावर. मी चालायसाठी तिला कापायला नाय पाठवणार."

रॉयस्टन ताट तसंच ठेवून उठला. संघमित्राने भांडी आवरली, मग नवऱ्याचा मोबाइल घेतला, कानाला हेडफोन लावले आणि ते माळेचं रेकॉर्डिंग ऐकत बसली. ऑफिसात ती हेच करते. तक्रार करणारा काय बोलला यापेक्षा कसा बोलला, ते ऐकते. थोड्या वेळाने ती पोलीनबायच्या खाटेजवळ आली.

"मम्मी, हे तुम्ही नाही."

"मग कोन, पोप?"

"हा तुमचा चर्चमधला आवाज आहे. गोठ्यात तुम्ही असं म्हणत नाही. गोठ्यात तुम्ही दहा मणी म्हणता आणि थांबता. मग कुणाची तरी बिनपाण्याने करता. मग पुढचे दहा."

"मी? माळेत?"

"काल पहिल्या दहानंतर टॉवरचा सेक्रेटरी झाला. दुसऱ्यानंतर सोडालिटीच्या अध्यक्षीण. तिसऱ्यानंतर..." तिने कानातले हेडफोन काढले. "तिसऱ्यानंतर मी होते."

"खोटं! माळ म्हणताना मी कुणाचा वाईट बोलले असेन तर माजी जीभ झडो." ओट्यावर धोंडू विडी ओढत होता, त्याला तेवढ्यात जोरात खोकला आला. पोलीनबाय गरजली, "धोंडू, तुला काय झायला?"

"काय नाय बाय. धूर गेलो."

"म्हैस माळेला पान्हावते," पोलीनबायने निकाल दिला. "फादरनी सांगितलंय." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. पण झोप कुठली? टॉवरच्या सेक्रेटरीला ती काय म्हणाली होती ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि आठवून बरंही वाटत होतं.

शनिवारी दुपारी गुडघा फुग्यासारखा झाला होता. बर्फाची पिशवी लावून ती पडली होती. धारेची वेळ झाली तशी काठी घेऊन उठली, घराच्या भिंतीला धरत, कुणी बघत नाही याची खात्री करत, गोठ्यापर्यंत पोचली. पत्र्याच्या आडोशाशी आली आणि आतून आवाज ऐकू आला.

"आपण कृपया लाइनवर राहा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आपण कृपया लाइनवर राहा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे..."

तीच माळेची चाल. तोच एका श्वासात म्हणायचा आणि शेवटाला सोडून द्यायचा सूर. पोलीनबायने फटीतून बघितलं. संघमित्रा तिच्या स्टुलावर बसली होती, सलवार गुडघ्यापर्यंत खोचून, कपाळ शेवंतीच्या कुशीला टेकून. दहा वेळा झालं आणि ती थांबली.

"ऐक गं शेवंती," ती म्हणाली. "तुझी मालकीण आहे ना, रोज माझा डबा उघडून बघते. बघते ते बघते, झाकण परत नीट लावत नाही. सगळी बॅग पिवळी. ऑफिसात मला हळद म्हणतात."

पोलीनबायने तोंड उघडलं.

"आणि बॉटल मसाल्याची बाटली वरच्या फळीवर. माझा हात पोचत नाही तिथे. का? तर मी जास्त घालते म्हणे! आणि माझ्या आईला फोनवर काय सांगते, 'पोरगी गुणाची हाय, पन भात जमत नाय.' तीन वर्षं भात मी करते. ही बाई रोज दोनदा वाढून घेते. जमत नाही तर घेते कशाला?"

पोलीनबायने काठी उचलली. पत्र्यावर आपटणार, एवढ्यात तिला दुसरा आवाज आला. बादलीच्या तळावर टणत्कार. एक, मग दुसरा, मग सलग. मग तो टणत्कार बुडला आणि फेसात शिरणारी जाड धार ऐकू यायला लागली. जन्मापासून ऐकलेला आवाज तो. शेवंतीने पान्हा सोडला होता.

आता एक शब्द जरी तोंडातून गेला तरी म्हैस पान्हा चढवणार, हे पोलीनबायला कुणी सांगायला नको होतं. तिने काठी हळूच खाली घेतली. लुगड्याचा पदर तोंडात कोंबला. मागून धोंडू आंबोणाची पाटी घेऊन येत होता, त्याने आतलं ऐकलं आणि डोळे विस्फारले. "बाय, ता तुमच्याबद्दल..."

तिने त्याचा शर्ट धरून त्याला भिंतीशी दाबलं. पदराआडून कुजबुजली, "गप! चढवील ती."

आत पुन्हा दहा कॉल महत्त्वाचे झाले, आणि पुन्हा गाऱ्हाणं सुरू झालं. नाताळची साडी झाली, टीव्हीचा रिमोट झाला, शेजारणींपुढे केलेली नक्कल झाली. पोलीनबाय उभी होती. आयुष्यात तिला कुणी एवढं ऐकवलं नव्हतं, आणि ऐकवलं असतं तर तो माणूस वाक्य पूर्ण करू शकला नसता. इथे मात्र सुनेची सगळी वाक्यं पूर्ण होत होती आणि प्रत्येक वाक्यागणिक बादली भरत होती.

मग संघमित्राचा आवाज उतरला. हात तसेच चालू.

"आणि दुखत नाही म्हणते, शेवंती. पहाटे बाथरूमला जाते ती भिंतीला धरून जाते. मधेच उभी राहते. मला वाटतं आता पडली. मी अंथरुणात श्वास धरून ऐकत असते, ती परत खाटेवर बसेपर्यंत. तिला वाटतं मी झोपलेय. उठून हात द्यावा तर म्हणेल, मी काय म्हातारी झाले? पडली तर उचलणार कोण? मीच ना? मी पंचेचाळीस किलोची आहे गं. ती तुझ्याएवढी आहे."

धोंडूला हसू आवरेना. त्याने पाटीत तोंड घातलं. पोलीनबाय हसली नाही. पदर तिने दातांत आणखी घट्ट धरला.

धार बारीक झाली, थांबली. संघमित्राने पारडू सोडलं, ते धडपडत आईला जाऊन लुचायला लागलं. बादली घेऊन ती बाहेर आली आणि समोर सासू. बादली हिंदकळली.

"मम्मी! तुम्ही कधीपासून..."

"डब्याच्या झाकणापासून."

संघमित्राने बादली दोन्ही हातांनी धरली. कस्टमर केअरच्या शिकवणीत या प्रसंगाला उत्तर दिलेलं नव्हतं. धोंडू पाटी घेऊन तातडीने आत गेला, जिथे त्याला काही काम नव्हतं.

पोलीनबायने बादलीत बोट घातलं, फेस चाखला. मग काठी टेकत आत जाऊन शेवंतीच्या कासेला हात लावून बघितला. चारी आचळं मऊ, रिकामी. मागचं डावं ती मुद्दाम दोनदा दाबून बघते. नवख्या माणसांकडून तेच अर्धवट राहतं. तेही रिकामं होतं. बाहेर येऊन ती म्हणाली, "भात तुजा चिकट होतो. पैला घास घशाला चिकटतो, म्हणून तो ढकलायला दुसऱ्यांदा घेते."

"मम्मी, सॉरी, मी ते फक्त..."

"सॉरी कशाला? बादली बग किती भरलीय." तिने घराकडे तोंड करून हाक मारली, आणि ती टॉवरच्या दहाव्या मजल्यापर्यंत गेली असावी. "रॉयस्टन! त्या परेशला फोन लाव. म्हनावं, रविवारी येऊ नको, आमची म्हैस कुठं जात नाय. आनि डॉक्टरला सांग, मी येते."

रॉयस्टन बनियनवर बाहेर आला, बादलीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "कसं केलंस? माळ म्हटलीस?"

संघमित्राने सासूकडे बघितलं.

"म्हटली तिने," पोलीनबाय म्हणाली. "तिच्या पद्धतीची. मी ऐकली." आणि मग सुनेच्या कानाशी, पण धोंडूलाही ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात, "फादरला यातला काय सांगायचा नाय. आनि दोन मयने हायत, पुरेल ना तुला सांगायला?"

"मम्मी, वर्षभर पुरेल."

"लय झाला."

गुरुवारी हॉस्पिटलात न्यायला रिक्षा आली. रॉयस्टनने पिशवी ठेवली, संघमित्राने काठी घेतली, आणि पोलीनबाय गायब. ती गोठ्यात सापडली. शेवंतीच्या गळ्यात हात टाकून, तिच्या कानाला तोंड लावून भराभर काहीतरी बोलत होती. मधेच हातवारे करत होती, आणि म्हैस कान हलवत होती.

"मम्मी, चला ना! रिक्षावाला ओरडतोय. काय सांगताय तिला एवढं?"

"थांब गं," पोलीनबाय मागे न बघता म्हणाली. "दोन मयने ही फक्त तुजंच ऐकनार. माजी बाजू पन तिला कळायला नको?"